दुखायचं थांबलं, पण खडा पडला का?

पत्र थोडक्यात असं. लिहिणारी छत्तीस वर्षांची, भांडुपला डोंगराच्या बाजूला चाळीत राहते, दादरला साड्यांच्या दुकानात दिवसभर उभी असते. तीन आठवड्यांपूर्वी पहाटे डाव्या कुशीतून जांघेपर्यंत भयंकर कळ आली, उलट्या झाल्या. सोनोग्राफीत ६ एमएमचा खडा निघाला, किडनीतून येणारी नळी लघवीच्या पिशवीला मिळते अगदी त्या तोंडाशी, आणि किडनीला थोडी सूज. डॉक्टरांनी दुखण्याच्या गोळ्या आणि रात्री घ्यायची एक गोळी दिली आणि दोन आठवड्यांनी परत सोनोग्राफी करून यायला सांगितलं. मिस्टरांनी मोबाइलवर शोधलं तर रात्रीची गोळी पुरुषांच्या प्रोस्टेटची निघाली, म्हणून ती बंद केली. सासूबाईंनी कुळथाचा काढा आणि सकाळी पानफुटीची दोन पानं सुरू केली, दूध, दही, टोमॅटो बंद केले. आठव्या दिवसापासून कळ नाही, रक्तात क्रिएटिनिन, म्हणजे किडनीचं काम दाखवणारा आकडा, नॉर्मल आलं, त्यामुळे ती परत गेलीच नाही. दिराला दोन वर्षांपूर्वी 'आत नळी घातली होती', त्याचे हाल तिने बघितलेत. ती विचारते, "ताई, दुखत नाही म्हणजे खडा विरघळला असेल ना? घरचंच चालू ठेवू का? ऑपरेशन नको वाटतं." आणि सगळ्यात शेवटी एक ओळ, "पाणी भरपूर प्या म्हणतात पण दुकानात बाथरूम नाही त्यामुळे ते काही जमत नाही."

अगं, ताई म्हणालीस म्हणून अगं-तुगं करते, राग मानू नकोस. आणि आधीच सांगते, मी डॉक्टर नाही, सदर लिहिणारी बाई आहे, पण माझाही एक मुतखडा होऊन गेलाय त्यामुळे पहाटे तीनला फरशीवर बसवत नाही, उभं राहवत नाही, आडवं पडलं की अजून वाढतं, हे काय असतं ते मला कोणी सांगायला नको.

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाटलं, काढा की ऑपरेशन एवढाच प्रश्न आहे. दुसऱ्यांदा त्या शेवटच्या ओळीवर अडकले. तू ती जाता जाता लिहून टाकलीस, मला मात्र वाटतं खरं दुखणं तिथेच आहे. तिकडे येतेच, आधी कळेचं बोलू.

खडा आत टोचतो म्हणून दुखतं असं आपल्याला वाटतं. मुख्य दुखतं ते तुंबल्यामुळे. किडनी लघवी बनवत राहते, खाली नळीत खडा बसलेला, मग मोरीच्या जाळीत केस अडकले की पाणी कसं वर चढतं तसं मागे भरत जातं, किडनी ताणली जाते आणि नळी खड्याला ढकलायला आवळते. तो ताण म्हणजे ती कळ. आता हा ताण उतरतो कसा? खडा पिशवीत पडला की उतरतो, हे झालं चांगलं. पण खडा जिथल्या तिथे असला तरी काही दिवसांनी त्या बाजूची किडनी लघवी बनवणं कमी करते, किंवा खड्याच्या कडेने थोडंसं पाणी झिरपायला लागतं, तरी पण ताण उतरतो. तुला दोन्हींत सारखंच वाटणार, सुटलो बाबा एकदाचे. म्हणजे दुखत नाही एवढ्यावरून तुझा खडा गेला की तिथेच ठाण मांडून बसलाय हे तुलाच काय, डॉक्टरांनाही नुसतं पोट दाबून सांगता येणार नाही.

आणि क्रिएटिनिनवर विसंबू नकोस. दोन किडन्या असतात ना आपल्याला, एक तुंबली तरी दुसरी तिचं काम उचलते, आकडा छान नॉर्मल येतो. घरात एक सून आजारी पडली की दुसरी गुपचूप दोघींचं काम करते आणि बाहेरच्यांना काही कळतच नाही, त्यातलाच प्रकार.

माझं हेच झालं होतं. मे महिना होता, दोन दिवस कळा आल्या, तिसऱ्या दिवशी सगळं शांत. मी खूश, बारशाला जाऊन जेवून पण आले. पाच आठवड्यांनी ऑफिसच्या चेकअपमध्ये सोनोग्राफी करणारी मुलगी प्रोब एकाच जागी फिरवत राहिली आणि विचारलं, "मॅडम, तुम्हाला दुखत नाही का इथे?" किडनी फुगलेली होती. माझी वेळेत सापडली, नंतर पूर्ववत झाली. पण अशी तुंबलेली किडनी महिनोन्महिने तशीच राहिली तर कायमची निकामी होऊ शकते, आणि वाईट म्हणजे तेव्हाही दुखेलच असं नाही.

त्यामुळे घरचं चालू ठेवू का या प्रश्नाचं उत्तर देण्याआधी येत्या सोमवारी, तुझी सुट्टी असते ना, परत सोनोग्राफी कर. पिशवी भरलेली हवी बरं का, तोंडाशी बसलेला खडा भरल्या पिशवीतच नीट दिसतो, म्हणून जाण्याआधी पाणी पिऊन जा आणि नंबर लागेपर्यंत दम धर. तिथे नाही दिसला आणि किडनीची सूजही उतरली असेल तर बहुतेक पडला, डॉक्टरांना रिपोर्ट दाखव आणि मोकळी हो. शंका उरली तर ते साधा सीटी स्कॅन सांगतील, त्यात खडा सहसा चुकत नाही. पाळी चुकली असेल तर मात्र स्कॅनच्या आणि गोळ्यांच्या आधी ते सांगायचं, लाजायचं नाही.

आणि अजून तिथेच असेल तर? तरी लगेच ऑपरेशन असं काही नाही. पाच एमएमच्या आतले बरेचसे आपोआप पडतात, पाच ते दहामधले साधारण निम्मे पडतात, आणि तुझा खालच्या तोंडाशी आहे म्हणजे बहुतेक वाट त्याने कापलेली आहे. डॉक्टर मंडळी दुखणं आटोक्यात असेल, ताप नसेल आणि किडनी ठीक असेल तर चार ते सहा आठवडे थांबतात. तुझे तीन झालेत. म्हणजे घरी थांबायला अजून थोडा वेळ आहे, पण हे थांबणं तारीख ठरवून आणि मध्ये तपासून थांबणं आहे. तू जे केलंस ते थांबणं नव्हतं, ते विसरून जाणं होतं. मी पण तेच केलं होतं म्हणून हक्काने बोलते.

ती रात्रीची गोळी. मिस्टरांनी शोधलं ते बरोबरच आहे, ती मूळची प्रोस्टेटचीच. पण ती काम काय करते, तर त्या भागातले स्नायू सैल करते, आणि किडनीतून येणाऱ्या नळीच्या खालच्या टोकाला पण तसेच स्नायू असतात, बाई असो की बाप्या. पाच ते दहा एमएमचा खडा खालच्या भागात असेल तर तो पडायला मदत व्हावी म्हणून डॉक्टर बायकांनाही ती देतात. म्हणजे नेमकी तुझ्याच खड्याच्या मापाची गोळी तू बंद केलीस. आता स्वतःहून सुरू करू नकोस, आधी रिपोर्ट काढ, मग त्यांनाच विचार. आणि दिली तर रात्री जेवल्यावर घे, सुरुवातीला झटकन उठलं की चक्कर येऊ शकते. मिस्टरांना पण घेऊन जा डॉक्टरांकडे, मोबाइलवर शोधलं यात त्यांचं चुकलं नाही, फक्त तो प्रश्न घेऊन परत जायला हवं होतं.

आता सासूबाईंचा दवाखाना. त्या मायेने करतायत, त्यामुळे घरात भांडण नको. कुळथाची पिठी आपल्या कोकणातल्या घरांत पिढ्यान् पिढ्या खातात, काढ्याने दिवसभरात दोन-तीन ग्लास पाणी जास्त पोटात जातं, ते चांगलंच आहे. फक्त त्याने खडा विरघळतो हे डोक्यातून काढ. बहुतेक खडे असतात कॅल्शियम ऑक्झॅलेटचे आणि ते एकदा झाले की कशानेच विरघळत नाहीत, काढ्यानेही नाही आणि इंग्लिश औषधानेही नाही. पडतात नाहीतर फोडून काढावे लागतात. विरघळतो तो युरिक ॲसिडचा खडा, लघवीचा आंबटपणा कमी करणारं औषध देऊन, आणि तो साध्या एक्स-रेत दिसत नाही, तर तुझा कुठला आहे ते डॉक्टर ठरवतील. चाळीत ज्या बाई सांगतात ना की माझा काढ्याने गेला, त्या खोटं बोलत नाहीत. गेलाच असणार. पण छोटा खडा काढा न पिता पण जातो, आणि ज्यांचा गेला नाही त्या बायका पाण्याच्या लाइनीत उभं राहून ते सांगत बसत नाहीत.

पानफुटीचं मात्र जपून. त्या जातीच्या झाडांत हृदयावर परिणाम करणारी द्रव्यं असतात, गुरांनी ती जास्त खाल्ली तर विषबाधा होते. दोन पानांनी तुला काही होईल असं म्हणत नाही, पण कुणाला हृदयाच्या गोळ्या चालू असतील तर हे खाऊच नये. बिअरचा सल्ला तुला कोणीतरी देईलच, दिला नसेल तर नवल, तर तिने थोडा वेळ लघवी वाढते आणि मग अंगातलं पाणी उलट कमी होतं. सोडून दे.

दूध-दही बंद केलं हे तर उलटंच झालं. खड्यात कॅल्शियम असतं म्हणून खाण्यातलं कॅल्शियम बंद, हे ऐकायला इतकं बरोबर वाटतं की पूर्वी डॉक्टर पण हेच सांगायचे. पण इटलीत पार्माच्या डॉक्टरांनी १२० पुरुषांवर पाच वर्षं हे करून बघितलं, ते २००२ साली छापून आलं. वारंवार खडे होणारी ही माणसं, निम्म्यांना कॅल्शियम कमी दिलं, निम्म्यांना कॅल्शियम नेहमीइतकंच पण मीठ आणि मटण-मासे कमी. कॅल्शियम तोडलेल्या ६० जणांमधल्या २३ जणांना परत खडा झाला, दुसऱ्या गटात ६० पैकी १२ जणांना. कारण असं की पालकासारख्या गोष्टींतलं ऑक्झॅलेट आतड्यातच दूध-दह्यातल्या कॅल्शियमशी बांधलं जातं आणि शौचावाटे निघून जातं. कॅल्शियमच नसेल तर ते मोकाट रक्तात शिरतं, तिथून किडनीत, आणि तिथे गाठ पडते. म्हणून दही-भात, ताक, जेवणाबरोबर खायचं. कॅल्शियमच्या गोळ्या चालू असतील तर तेवढ्या डॉक्टरांना विचारून.

टोमॅटोची बी आत जाऊन खडा बनतो असं माझी आजी पण म्हणायची. नाही बनत. टोमॅटोत ऑक्झॅलेट थोडंच असतं, पालकात त्याच्या कित्येक पट. खरं बघायचं तर पालक, बीट, बदाम-काजू मूठमूठभर, उपासाचा राजगिरा, हे जपून. आणि अळू. अळूची देठं सोलताना हाताला खाज सुटते ना, घशाला खवखवतं, ती खाज म्हणजे कॅल्शियम ऑक्झॅलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक, म्हणजे ज्याचा तुझा खडा असण्याची शक्यता जास्त तीच वस्तू. मला हे कळलं तेव्हा मी फदफद्याच्या वाटीकडे जरा वेळ बघतच राहिले. कायमचं सोडायला नको, पण आत्ता काही महिने गणपतीतल्या एका वाटीवर भागव.

आणि मीठ, ज्याचं कोणी नावच काढत नाही. मीठ जास्त झालं की लघवीतून कॅल्शियम जास्त जातं. दिवसाला सगळं मिळून एक छोटा चमचा, म्हणजे पाच ग्रॅम. त्यात दुकानात चारला येणारा वडापाव आणि त्याची ती लाल चटणी, डब्यातलं लोणचं, पापड, फरसाण, खारवलेली सुकी मासळी. तू टोमॅटो सोडून बसलीस आणि वडापाव चालूच असणार, मी पैज लावते. लिंबू मात्र घे, लिंबातलं सायट्रेट खडा बनायला अडवतं, फक्त स्टेशनवरचा मसाला सोडा नको, घरून पाण्यात पिळून ने, साखर-मीठ नावापुरतं. व्हिटॅमिन सीच्या चघळायच्या गोळ्या रोज खात असशील तर बंद कर, जास्त झालं की त्याचं अंगात ऑक्झॅलेट होतं.

आता ती ओळ.

भरपूर पाणी प्या. प्रत्येक फाइलवर हे लिहिलेलं असतं, आणि लिहिणाऱ्याच्या केबिनला आतून संडास असतो. तू साडेआठला घर सोडतेस, लोकलमध्ये संडास नाही, दुकानात नाही, रात्री साडेनऊला घरी येतेस तर चाळीचा संडास गल्लीच्या टोकाला आणि अंधारात जायला नको वाटतं. म्हणजे तुझं पाणी बारा-तेरा तास दुकानामुळे बंद आणि रात्री चाळीमुळे. वर ऑक्टोबरचा घाम. लघवी घट्ट होत जाते, आणि घट्ट लघवीत स्फटिक जमतात, जास्त उकळलेल्या पाकात साखर कडेला धरते तसे. खडा तुझ्या खाण्याने झाला असं तुम्ही सगळे धरून चाललायत, मला तो तहानेने झालेला दिसतो. आणि गंमत बघ, मुंबईचं पाणी जिथे शुद्ध होतं ते एवढं मोठं केंद्र तुझ्या भांडुपलाच आहे. (टँकरच्या, क्षारांच्या पाण्याने खडे होतात असं पण लोक म्हणतात. मुंबईला तलावांचं, पावसाचं पाणी येतं, भातसा-तानसाचं, ते काही जड पाणी नव्हे, तरी खडे होतातच की इथे.)

त्याच पार्माच्या मंडळींनी त्याआधी १९९६ साली नुसत्या पाण्याचा पण प्रयोग छापला होता. पहिल्यांदाच खडा झालेली माणसं, एका गटाला भरपूर पाणी प्यायला लावलं, पाच वर्षांत ९९ पैकी १२ जणांना परत झाला. दुसऱ्या गटाला काही सांगितलं नव्हतं, तिथे १०० पैकी २७ जणांना. काढा नाही, पान नाही, नुसतं पाणी.

किती? दिवसभरात अडीच लिटर लघवी व्हावी इतकं. मुंबईच्या घामात त्यासाठी तीन लिटर किंवा वरच प्यावं लागतं. एका सुट्टीच्या दिवशी मोजूनच बघ, आंघोळीचा जुना मग असतो साधारण एक लिटरचा, एकदा बाटलीने खूण करून घे आणि चोवीस तास त्यात मोज. घाण वाटेल, पण एकदाच करायचंय, आणि तुझा आकडा लिटरभराच्या आसपास आला तर सासूबाईंनाही टोमॅटो-बिमॅटो सोडून दुसरं काहीतरी दिसेल. ज्यांना हृदयाचा किंवा किडनीचा आधीचा आजार आहे त्यांनी मात्र एवढं पाणी डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. आणि कळ चालू असताना तांब्यावर तांब्या ढोसू नकोस, त्याने खडा ढकलला जात नाही, तुंबलेल्यात भर पडते. तेव्हा दुखण्याची गोळी, गरम पाण्याची पिशवी, आणि तहानेपुरतं पाणी. गोळी सांगितली तेवढीच, एकावर एक दुसऱ्या नावाची नको, त्या गोळ्या जास्त झाल्या की किडनीलाच लागतात, आणि बीपी, शुगर, अल्सर असेल तर आधी विचारून.

आता जायचं कुठे. सकाळी उठल्या उठल्या दोन ग्लास, निघायच्या आधी जाऊन ये. दादरला उतरलीस की स्टेशनवरच जा, पैसे लागले तरी. (बायकांनाच का पैसे पडतात म्हणून मुंबईत २०११च्या सुमारास राइट टू पी नावाची मोहीमच निघाली होती, पुरुषांना मुतारी फुकट आणि आपल्याला सुट्टे काढा. वाद अजून मिटलेला नाही, पण तोपर्यंत पर्समध्ये चिल्लर ठेव.) मग दुकान. २०१७च्या महाराष्ट्राच्या दुकाने-आस्थापना कायद्यात मालकाने बायका-पुरुषांसाठी संडास-मुतारीची सोय करायची असं आहे, पण तो कायदा ठराविक संख्येच्या वर कामगार असलेल्या ठिकाणीच लागतो. दुकानात तुम्ही चौघीच, म्हणजे कायदा दाखवून शेठना गप्प करता येणार नाही. पण डॉक्टरांकडून एक चिठ्ठी घे, किडनी स्टोन आहे, दर दोन-तीन तासांनी लघवीला जाणं गरजेचं आहे, सही-शिक्का. माझा अनुभव असा की तोंडी सांगितलं तर 'बघू' आणि शिक्का बघितला की 'जा जा लवकर जा'. एकटी जाऊन सांगू नकोस, बाकीच्या तिघींना घे, त्यांना काय लघवी लागत नाही का! मागायचं काय ते पण ठरवून जा. आजूबाजूच्या कुठल्या बिल्डिंगमध्ये किंवा मार्केटमध्ये संडास आहे त्याची एक किल्ली दुकानात राहू दे, दोन-चार दुकानांनी मिळून सफाईचे पैसे द्यायचे, आणि काउंटर रिकामं पडू नये म्हणून पाळीपाळीने जायचं. शेठना पण हे झेपेल असं आहे.

रात्रीचं म्हणशील तर घरात मोरी आहे ना? मग मोरीत बस आणि तांब्याभर पाणी ओत. आमच्या चाळीत सगळ्या बायका तेच करायच्या, कोणी बोलायचं नाही एवढंच. झोपताना एक ग्लास पी, रात्री एकदा उठलीस तर अजून अर्धा. रात्रभरात लघवी सगळ्यात घट्ट होते म्हणून हा ग्लास महत्त्वाचा.

एक गोष्ट मात्र मोठ्याने सांगते आणि हे वाचणाऱ्या सगळ्यांनाच. खडा आहे आणि थंडी वाजून ताप आला तर घरचं-बिरचं सगळं बंद, रात्रीचे दोन वाजले असले तरी त्याच क्षणी कॅज्युअल्टी. तुंबलेल्या लघवीत इन्फेक्शन झालं की काही तासांत जिवावर बेततं, सकाळपर्यंत थांबायचं नाही, रिक्षा नाही मिळाली तर १०८ला फोन. लघवीच होईनाशी झाली, गोळी घेऊनही कळ थांबेना, पाणीसुद्धा उलटून पडतंय, गरोदर आहे, किंवा किडनी एकच आहे, तरी त्याच दिवशी जायचं. आणि साठीच्या पुढच्या माणसाला आयुष्यात पहिल्यांदाच अशी कळ आली तर मुतखडाच असेल असं घरी ठरवू नका, पोटातल्या मोठ्या रक्तवाहिनीचं दुखणं पण असंच येतं.

राहिलं ऑपरेशन. तुझ्या मनात पोट कापणं आहे बहुतेक. तोंडाशी बसलेल्या सहा एमएमच्या खड्यासाठी सहसा लघवीच्याच वाटेने बारीक दुर्बीण घालून लेझरने तो फोडतात, टाका नाही, बऱ्याचदा एक-दोन दिवसांत घरी. दिराला घातलेली नळी म्हणजे स्टेंट, नंतर सूज येऊन वाट बंद होऊ नये म्हणून तात्पुरता ठेवतात, प्रत्येकाला लागतोच असंही नाही. मला दोन आठवडे होता. खोटं नाही सांगत, त्रास होतो, सारखी लघवीला लागते, करताना पाठीत कळ जाते, थोडं रक्त दिसतं. पण काढला आणि दुसऱ्या दिवशी विसरले. दिराला एवढंच विचार की त्याचा नक्की काढला ना, कधी काढला. हसू नकोस, स्टेंट आत विसरून जाणारी माणसं असतात, आणि महिनोन्महिने राहिला की त्याच्यावरच खडे चढतात.

पैशाचं तू लिहिलं नाहीस, पण 'ऑपरेशन नको'च्या मागे ते असणारच. सायन हॉस्पिटल तुझ्या रोजच्या स्लो लोकलच्या वाटेवर आहे, पालिकेचं, तिथे युरॉलॉजी विभाग आहे, केईएम आणि नायरला पण आहे. सकाळी लवकर जाऊन केसपेपर काढ, लाइन असते, डबा घेऊन जा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत मुतखड्याच्या काही शस्त्रक्रिया बसतात, रेशनकार्ड-आधार बरोबर ठेव आणि हॉस्पिटलमध्ये आरोग्यमित्र बसतात त्यांना विचार.

आणि सोमवारपर्यंत, किंवा नंतरही, लघवी गाळून बघत जा. चहाची जुनी गाळणी वेगळी काढ आणि तिला लाल दोरा बांध, नाहीतर आमच्याकडे झालं होतं तसं कोणीतरी तिच्यातून चहा गाळायचं. खडा दिसला तर फेकू नकोस, तपासायला देता येतो, कशाचा बनलाय ते कळलं की पुढचं पथ्य अंदाजाने करावं लागत नाही. दिसायला काही मोठा नसतो, तुरीच्या डाळीच्या दाण्यापेक्षा थोडा मोठा असेल, करडा-तपकिरी, खरखरीत. माझ्या खड्याचे तुकडे मी कुंकवाच्या रिकाम्या डबीत घालून नेले होते, लॅबमधल्या मुलाने झाकण उघडलं आणि आधी नमस्कारच केला.